जेथे सारे गाव हातांनी बोलत असे

खेड्यात एखाद्या घरी जन्मतः बहिरे मूल जन्मास आले, म्हणजे आईबापांची पहिली धाव वैद्याकडे, दुसरी देवाकडे आणि मूल सहा वर्षांचे झाले की तिसरी शाळेकडे असते. शिक्षक त्याचे नाव हजेरीपटावर घालतो, त्यास पुढच्या रांगेत बसवितो. पण यापुढे नेमके काय करावे, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. मूल शांत बसते. कोणास त्रास देत नाही. फळ्यावरील अक्षरे हुबेहूब वहीत उतरवून घेते, आणि ते पाहून ते शिकत आहे असा सर्वांचा समज होतो. चौथीच्या अखेरीस कधीतरी ध्यानात येते की, त्या वळणदार ओळींतील एकाही शब्दाचा अर्थ त्या मुलास ठाऊक नाही.

अशा मुलाच्या बुद्धीत बहुधा काही उणे नसते, आणि शिक्षकाची कळकळही खरी असते. उणीव असते ती भाषेची. चाळीस जणांच्या त्या खोलीत मुलाची भाषा जाणणारा एकही माणूस नसतो, आणि पुष्कळदा मुलासही भाषा अशी मिळालेली नसते. या प्रश्नाचा विचार करू इच्छिणाऱ्या शिक्षकास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या एका बेटाचा इतिहास फार उपयोगी पडेल. तेथे सुमारे अडीचशे वर्षे बहिरी माणसे गावात राहिली. शेती, मासेमारी, लग्नकार्ये आणि गावकी यांत वावरली. आणि त्यांना कोणी निराळे मानले नाही.

या बेटाचे नाव मार्थाज व्हिन्यार्ड. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड या भूभागाच्या दक्षिणेस, थोड्या मैलांच्या समुद्रापलीकडे ते वसले आहे. विस्ताराने ते मूळ मुंबई बेटाच्या तिपटीहून मोठे आहे. तेथील मूळ रहिवासी वाम्पानोग लोक. त्यांचे वंशज आजही बेटाच्या पश्चिम टोकास राहतात. १६४२ पासून तेथे इंग्रजांची वस्ती सुरू झाली. पुढे जे कुटुंबकबिले येऊन राहिले, त्यांपैकी कित्येकांचे पूर्वज इंग्लंडच्या केंट परगण्यातील वील्ड नावाच्या एकाच मुलखातून आलेले होते. त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात बहिरेपणाचा अंश होता, हे त्यांना अर्थातच ठाऊक नव्हते.

बेटावरील ज्या पहिल्या बहिऱ्या माणसाची नोंद सापडते, त्याचे नाव जोनाथन लॅम्बर्ट. सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तो तेथे स्थायिक झाला. १७१४ साली बॉस्टनचे न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल हे बेटावर गेले असता हा मनुष्य त्यांच्या दृष्टीस पडला. मंडळीत एक इंग्रज असूनही तो एक शब्द बोलत नाही, हे पाहून स्यूअल रागावण्याच्या बेतात होते. इतक्यात तो ऐकत व बोलत नाही असे त्यांना कळले, आणि तशी नोंद त्यांनी आपल्या रोजनिशीत केली. ही नोंद एका ओळीची आहे, पण बाहेरचा मनुष्य बहिऱ्याच्या मौनाचा पहिला अर्थ कोणता लावतो, ते तीतून दिसते. वर्गात हाक मारूनही मान न वळविणाऱ्या मुलास उद्धट ठरविले जाते, ते याच जातीच्या गैरसमजातून.

बेटावर ये-जा थोडी असल्याने सोयरिकी जवळच्या जवळ होत. या बहिरेपणाचा स्वभाव असा की, त्याचा अंश आई आणि बाप या दोघांकडून आला तरच मूल बहिरे निपजते. एकाकडूनच आला तर मूल चांगले ऐकते, परंतु तो अंश आपल्या संततीस देऊ शकते. ऐकणाऱ्या जोडप्यापैकी दोघांतही असा अंश दडलेला असेल, तर त्यांचे प्रत्येक अपत्य बहिरे होण्याचा संभव चारात एक असतो. यामुळे एका घरी चार भावंडांत एक बहिरे, शेजारच्या घरी एकही नाही, आणि बहिऱ्या बापाची सर्व मुले ऐकणारी, असे प्रकार तेथे नित्य दिसत. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८० नंतरच्या दशकात या बेटावरील वंशावळी जमवून हे कोडे सोडविण्याचा प्रयत्न केला, पण त्यांना त्याचा उलगडा झाला नाही. मेंडेलचा आनुवंशाचा नियम १८६६ सालीच छापला गेला होता, तथापि १९०० पर्यंत विद्वानांचे त्याकडे लक्षच गेले नव्हते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सरासरीने ५,७२८ माणसांमागे एक जन्मतः बहिरा आढळे. या बेटावर हे प्रमाण १५५ मागे एक असे होते. बेटाच्या पश्चिमेकडील चिल्मार्क या गावात तर पंचविसांमागे एक मनुष्य बहिरा होता. दोन-अडीच शतकांत मिळून अशी किमान ७२ माणसे होऊन गेली, असे पुढे झालेल्या संशोधनात आढळले. आकडा तसा लहान आहे. परंतु चिल्मार्कमध्ये ज्याचा भाऊ, काका, शेजारी वा नावेवरचा सोबती बहिरा नाही असा मनुष्य विरळा होता, आणि पुढील सर्व कथा या एका गोष्टीवर उभी आहे.

तेथे खुणांची एक स्वतंत्र भाषा रूढ झाली, आणि ती ऐकणारी माणसेही लहानपणापासून बोलू लागली. ती शिकविण्यासाठी कोणी वर्ग काढला नव्हता. मूल जशी घरची बोली उचलते, तशी ती अंगणात, दुकानात आणि मोठ्यांच्या बैठकीत उचलली जाई. समुद्रावर दोन नावांमध्ये अंतर फार असले आणि वाऱ्यात हाक पोहोचेनाशी झाली, म्हणजे कोळी एकमेकांशी हातांनी बोलत. त्या वेळी दोन्ही नावांवरचे सर्व लोक ऐकणारे असले तरी चाले. फार दूरचे हात दुर्बिणीतून वाचीत. गावच्या दुकानात टपालाची वाट पाहत बसलेली मंडळी एखादी गोष्ट तोंडाने आरंभीत आणि हातांनी संपवीत. गोष्ट जराशी चावट असली आणि तेवढ्यात कोणी पोक्त बाई दुकानात शिरली, तर तिचा शेवट पाठमोरे होऊन खुणांनीच होई. शाळेत पोरे मास्तरांच्या पाठीमागे याच भाषेत गप्पा मारीत. प्रार्थनामंदिरात ऐकणारे नातलग बहिऱ्यांना प्रवचन हातांनी सांगत. आपल्याकडे जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरविणारे व्यापारी पूर्वीपासून होते. हातांनी बोलणे हे केवळ असमर्थाचे काम नव्हे, हे त्यांनाही कोणी शिकविले नव्हते. मात्र त्यांची भाषा भावापुरती होती. चिल्मार्कच्या भाषेत भांडण, विनोद, प्रवचन आणि प्रेम, सर्व काही मावत असे.

नोरा एलेन ग्रोस या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बेटावरील वृद्धांना भेटून या आठवणी टिपून घेतल्या, आणि त्यांवरचा तिचा ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध झाला. तिच्या कार्यातील एक प्रसंग शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. तिने एका वृद्ध बाईस गावातील दोन जुन्या माणसांविषयी विचारले. बाईने ते दोघे उत्तम कोळी होते, इत्यादी पुष्कळ सांगितले. पण मुख्य गोष्ट सांगितली नाही. शेवटी ते दोघे बहिरे होते ना, असे विचारल्यावर बाईस ते आठवले. दुसऱ्या एका वृद्धेस गावातील अपंगांविषयी विचारले असता, ती माणसे अपंग नव्हती, नुसती बहिरी होती, अशा अर्थाचे उत्तर मिळाले.

या दोन उत्तरांत सहानुभूतीचा एकही शब्द नाही. चिल्मार्कच्या लोकांनी बहिऱ्यांवर दया केली असे म्हणण्यास फारसा आधार नाही, आणि ते इतर गावांहून अधिक सज्जन होते असेही दिसत नाही. त्यांनी केले ते इतकेच की, शेजाऱ्याची भाषा शिकून घेतली. त्यामुळे समजून घेण्याचा आणि समजावून देण्याचा जो भार अन्यत्र एकट्या बहिऱ्या माणसाच्या शिरावर पडतो, तो तेथे साऱ्या गावात वाटला गेला. याचा परिणाम व्यवहारात दिसून येई. बहिरी माणसे ऐकणाऱ्यांशी सर्रास विवाह करीत, मते देत, गावसभेत बोलत; काही जण गावच्या अधिकारपदांवरही निवडून आले. ज्या गोष्टींस आज फार खटपट करून मिळविलेले हक्क म्हणतात, त्या तेथे मागाव्याही लागल्या नाहीत.

शिक्षणाची बाब तर आश्चर्यकारक आहे. १८१७ साली कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे बहिऱ्या मुलांसाठी अमेरिकेतील पहिली कायमची शाळा स्थापन झाली. तेथील एक आद्य शिक्षक लॉराँ क्लेर हे फ्रान्सहून आलेले असून स्वतः बहिरे होते. मॅसॅच्युसेट्स राज्य आपल्याकडील बहिऱ्या मुलांचा तेथील खर्च सोशीत असल्यामुळे बेटावरील अशी मुले तेथे जाऊन पुष्कळ वर्षे शिकू लागली. त्यांचे ऐकणारे भाऊ मात्र लवकरच शाळा सोडून नावेवर किंवा मेंढ्यांमागे जात. परिणामी गावात अधिक शिकलेली माणसे बहिरी आणि कमी शिकलेली ऐकणारी, असा उलटा प्रकार काही घरांत झाला. कायद्याचे कागद किंवा वर्तमानपत्र समजून घेण्यासाठी ऐकणारे लोक बहिऱ्या शेजाऱ्याकडे जात, अशा आठवणी ग्रोस यांनी नोंदविल्या आहेत.

हार्टफर्डची शाळा मात्र बेटाच्या भाषेस एका परीने मारक ठरली, हेही सांगितले पाहिजे. तेथे बेटाच्या खुणा फ्रान्सच्या व इतर ठिकाणच्या खुणांशी मिसळून अमेरिकन सांकेतिक भाषा घडत गेली. त्या भाषेच्या घडणीत बेटाचा वाटा आहे. परंतु तेथेच बेटावरच्या मुलांना मुख्य भूमीवरील जोडीदार भेटले. विवाह दूरदूर होऊ लागले, काही जण बेट सोडून गेले, पुढे बेटावर बाहेरून नवे लोकही आले. दोन्हीकडून एकच अंश येण्याचा योग दुर्मिळ झाला आणि बहिऱ्या मुलांचे जन्म थांबले. या परंपरेतील शेवटची बहिरी व्यक्ती १९५२ साली निवर्तली. तिच्यामागे ती भाषा जाणणारे थोडे ऐकणारे वृद्ध तेवढे उरले. वैद्यकीय विषयांवर लिहिणारे ऑलिव्हर सॅक्स पुढे त्या बेटावर गेले, तेव्हा नव्वदी ओलांडलेली एक ऐकणारी बाई डुलकी घेताना हातांनी पुटपुटत असलेली त्यांना दिसली.

याच काळात जगात इतरत्र काय चालले होते, ते पाहिल्याशिवाय या कथेचे मोल कळत नाही. १८८० साली इटलीत मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जमलेले प्रतिनिधी बहुतेक सर्व ऐकणारे होते. खुणांच्या भाषेपेक्षा तोंडाने बोलावयास शिकविण्याची पद्धती श्रेष्ठ, असा ठराव तिने केला, आणि त्यानंतर अनेक देशांतील बहिऱ्यांच्या शाळांत खुणांना बंदी झाली. कित्येक ठिकाणी हातांनी बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत. बेल हेही तोंडी पद्धतीचे कट्टर पुरस्कर्ते होते, आणि बहिऱ्यांनी बहिऱ्यांशी विवाह करू नयेत असे त्यांचे मत होते. ज्या बेटावर ही भाषा गावाची शोभा होती, तेथे जाऊनही त्यांनी वंशावळ तेवढी पाहिली. मिलानच्या त्या ठरावाबद्दल तशाच परिषदेने खेद व्यक्त केला तो कॅनडातील व्हँकूव्हर येथे, २०१० साली. मध्यंतरी १३० वर्षे गेली होती.

आता येथे एक आक्षेप साहजिकच निघेल. चिल्मार्कला पंचविसांमागे एक बहिरा होता, म्हणून गाव शिकले. ज्या गावात दोन हजार वस्तीत एकच बहिरे मूल आहे, तेथे सारे गाव त्याची भाषा कशास शिकेल? आक्षेप खरा आहे. बेटावर जे संख्येने आपोआप झाले, ते येथे आपोआप होणार नाही. म्हणूनच ते शाळेने करावयाचे काम आहे. खेड्यात दुसरी कोणतीही अशी जागा नाही, जेथे एकाच वयाची तीस-चाळीस मुले रोज पाच-सहा तास त्या मुलासह एकत्र बसतात. ती मुले शिकली तर दहा वर्षांत गावातील तरुण पिढीचा मोठा भाग शिकलेला असेल. इंडोनेशियातील बाली बेटाच्या उत्तर भागात बेंगकला नावाचे गाव आहे. तेथेही आनुवंशिक बहिरेपण आहे, तेथेही ऐकणारे गावकरी खुणांची ‘काता कोलोक’ ही भाषा बोलतात, आणि ती आजही जिवंत आहे. तेथील प्राथमिक शाळेत २००७ पासून बहिऱ्या मुलांना त्याच भाषेतून शिकविण्याची सोय झाली. तत्पूर्वी गावात भाषा असूनही शाळेत ती नव्हती.

आपल्याकडे कायदा या बाबतीत शिक्षकाच्या पाठीशी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील कलम १६ अन्वये अंध व कर्णबधिर मुलांना त्यांस सर्वांत योग्य अशा भाषेतून व साधनांनी शिक्षण देण्याचे कर्तव्य शिक्षणसंस्थांवर आहे. कलम १७ मध्ये सांकेतिक भाषा व ब्रेल जाणणारे शिक्षक तयार करून नेमण्याची तरतूद आहे, आणि कलम ३१ प्रमाणे लक्षणीय दिव्यांगता असलेल्या मुलास वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दिल्ली येथे २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिने तयार केलेल्या चित्रफितींच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले, आणि ते भ्रमणध्वनीवर पाहता येतात. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञास शाळेने लेखी कळवून बोलावून घ्यावे. श्रवणयंत्राची आवश्यकता, त्याची दुरुस्ती, दिव्यांगत्वाचा दाखला या गोष्टींसाठी आईबापांबरोबर जिल्हा रुग्णालयापर्यंत एकदा तरी कोणी जाणते माणूस जावे. मजुरी बुडवून दोनदा रिकाम्या हाताने परतलेला बाप तिसऱ्यांदा जात नाही. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून श्रवणदोषांची राष्ट्रीय संस्था आहे, तिचीही माहिती त्यांस द्यावी.

यंत्र मिळाले म्हणजे काम झाले, असे मात्र मानू नये. चष्म्याने दृष्टी जशी एकदम स्वच्छ होते, तसे श्रवणयंत्राचे नसते. वर्गातील गोंगाटही त्यातून मोठा होऊन कानी येतो. खुणा शिकल्याने मुलाची वाणी खुंटते ही समजूत जुनी आहे, पण ती अनुभवास व अभ्यासास उतरलेली नाही. उलट लहानपणी कोणतीही एक भाषा पुरतेपणी न मिळाल्यास पुढे दुसरी शिकणे फार अवघड जाते. म्हणून वाट पाहण्यात वर्षे घालवू नयेत.

आरंभ घरापासून करावा. ज्या घरी बहिरे मूल आहे, तेथे आईने पाणी, भाकरी, बैल, आजोबा, बाजार यांच्या खुणा बहुधा अगोदरच बनविलेल्या असतात. शिक्षकाने एक दिवस त्या घरी बसून त्या विचाराव्यात आणि एका वहीत चित्रांसह उतरवून घ्याव्यात. आपल्या खुणा शाळेतील गुरुजी लिहून घेत आहेत, हे पाहून त्या माउलीचा आजवरचा संकोच निम्मा जाईल. त्यानंतर रोजच्या परिपाठात पाच मिनिटे साऱ्या वर्गास त्या खुणा शिकवाव्यात, आणि शिकविणारे ते मूलच असावे. नव्या शब्दांसाठी भारतीय सांकेतिक भाषेच्या कोशातील खूण घ्यावी, म्हणजे मूल उद्या तालुक्यास किंवा शहरात गेले तरी ती उपयोगी पडेल. घरची खूण निराळी असेल तर तीही राहू द्यावी. बोली आणि प्रमाणभाषा यांचे नाते शिक्षकास नवे नाही.

बहिऱ्यांच्या समाजात प्रत्येक माणसास खुणेचे एक नाव असते. वर्गातही तसे करावे. कोणाच्या गालावरचा तीळ, कोणाची वेणी, कोणाची टोपी सारखी करण्याची सवय, यांवरून ती नावे ठरतात. मुलांनी एकमेकांस ठेवलेल्या नावांत खोडसाळपणा फार असतो, म्हणून येथे शिक्षकाने लक्ष घालावे. परंतु स्वतः गुरुजींचे नाव ठरविण्याचा मान त्या मुलास द्यावा आणि जे ठरेल ते निमूटपणे स्वीकारावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. उजेड शिक्षकाच्या चेहऱ्यावर पडेल असे उभे राहावे. आवाज चढवून काही साधत नाही, ओठ मात्र त्यामुळे वेडेवाकडे होतात व वाचता येत नाहीत.

खेळात हे मूल हमखास बाजूस पडते, आणि सवंगडी मिळतात ते तेथेच. खो-खोत पाठीवर थाप पडते, तेव्हा उठावयाचे हे त्यास कळते. अडचण येते ती त्याने दुसऱ्यास ‘खो’ देताना, कारण तोंडाने शब्द उच्चारला नाही म्हणून इतर मुले तो चूक धरतात. वर्गाने थापेलाच खो मानावे, एवढ्या एका नियमाने ते मूल खेळात येते. कबड्डीत पंचाने शिट्टीबरोबर हातही वर करावा.

गावाची शाळा चौथीपर्यंतच असेल, तर पुढच्या वर्षी ते मूल दुसऱ्या गावी जाणार, आणि तेथील मुलांना त्याची एकही खूण येत नसणार. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वीच खुणांची ती वही तेथील वर्गशिक्षकाच्या हाती द्यावी, आणि जुन्या वर्गातील दोन मुले त्याच्याच बाकावर बसतील अशी विनंती करावी. वहीची एक प्रत आईजवळ असावी.